तेल वाढतं कसं?

अनुस्वारांच्या मोटारसायकलीतून धूर येतो, हे सगळ्यात शेवटी कुणाला कळलं असेल तर ते अनुस्वारांना. यात त्यांची तशी काही चूक नव्हती. धूर मागून निघत होता आणि ते पुढे बसत होते.

अनुस्वार हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका हुडकून काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. इमारतीत राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढून जिन्यातल्या 'जिन्यात थुकू नये' या पाटीवर एक टिंब देताना सापडले, आणि तेव्हापासून खरं नाव फक्त लाइट बिलावर उरलं.

धुराची बातमी आणली ती तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी. त्या एका दवाखान्यासाठी डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायच्या आणि शिवून झालेले कोट खिडकीत टांगून ठेवायच्या. त्यातले तीन कोट घेऊन त्या वर आल्या आणि त्यांनी ते अनुस्वारांच्या टेबलावर पसरले.

"हे बघा. हा घालून डॉक्टरांनी पेशंटला तपासायचं, की पेशंटनं डॉक्टरांना?"

कोटांवर बारीक काजळी बसली होती.

"कशानं झालं हे?"

"तुमच्या गाडीच्या धुरानं. रोज सकाळी तुम्ही किक मारता आणि माझं दुकान दिसेनासं होतं."

"धूर? माझ्या गाडीतून?"

"नाहीतर काय माझ्या शिलाई मशीनमधून? झाले की आता तीन महिने."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. अनुस्वारांचा मानभंग झाला हे खरं, पण त्याहून जास्त त्यांचं कुतूहल चाळवलं. तीन महिने आपल्या पाठीमागे एक गोष्ट चाललीय, रस्ताभर लोक ती बघताहेत आणि आपल्यालाच पत्ता नाही! दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाला ही कल्पना स्वस्थ बसू देईना.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात प्रयोग मांडला. बायकोला गाडीवर बसवलं, ॲक्सिलरेटर पिळायला सांगितला आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसले. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. नमुना कुठलाही असो, तोंड वाकडं न करता तो बघायची तिला सवय होती. तिनं ॲक्सिलरेटर पिळला. अनुस्वार क्षणभर दिसेनासे झाले, आणि आतून त्यांचा आनंदी आवाज आला, "आहे, आहे! भरपूर आहे!"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मॅनेजरसाहेब बघत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी जन्मात कधी दुचाकी चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं त्या विषयातलं ज्ञान अनुभवानं गढूळ झालेलं नव्हतं.

"काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय!" ते वरून ओरडले. "पांढरा असेल तर पाणी शिरलंय! निळा असेल तर ऑइल!"

"मग हा कोणता?"

इथे मतभेद झाले. अनुस्वारांना तो निळसर वाटला, बायकोला राखाडी वाटला, मॅनेजरसाहेबांना उन्हामुळे काहीच वाटेना. शेवटी शिंपीणबाई आत जाऊन दोऱ्यांच्या रंगांचं कार्ड घेऊन आल्या. त्यांनी ते धुरासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "नंबर सतरा. राखाडीत नीळ. आता दोऱ्यात येत नाही हा रंग, पण आहे निळाच."

म्हणजे ऑइल. मॅनेजरसाहेब खाली उतरले, कारण आता प्रकरण तज्ज्ञाच्या हातात जायला हवं होतं. त्यांच्या देखरेखीखाली गाडी साइड स्टँडवर लावण्यात आली, इंजिनच्या उजव्या अंगाचं झाकण फिरवण्यात आलं आणि झाकणालाच चिकटलेली तेल मोजायची छोटी कांडी बाहेर काढण्यात आली. कांडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये असावं लागतं. अनुस्वारांच्या कांडीच्या अगदी टोकाला एक थेंब लोंबत होता.

"कोरडं!" मॅनेजरसाहेब म्हणाले. "सगळं तेल जळून गेलंय. ओता!"

जिन्याच्या पायरीवर अनुस्वारांचे सासरे बसले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांना लेकीनं आपल्याकडे राहायला आणलं होतं. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांवर ऑपरेटर म्हणून काढलेला हा माणूस मुळात कमी बोलायचा; जावयाच्या घरी आल्यापासून आणखी कमी बोलायला लागला होता. "मशीनला तेलावाचून ठेवू नये," एवढंच ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

अनुस्वारांनी तेल ओतलं. कांडी बुडवून बघितली, अजून ओतलं. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात निघाले तेव्हा मागच्या बसच्या ड्रायव्हरनं भर उजेडात हेडलाइट लावले.

संध्याकाळी दारावर पत्र होतं. 'आपल्या वाहनाच्या धुम्रपानामुळे रहिवाशांस त्रास होत असून पंधरा दिवसांत धूर तपासणीचा दाखला सादर न केल्यास वाहन आवाराबाहेर ठेवावे. – सेक्रेटरी.' अनुस्वारांनी पत्रातल्या 'धु' चा 'धू' केला, आणि मग त्यांना वाईट वाटलं. ज्या माणसानं 'ओता' म्हणून सांगितलं त्यानंच हे पत्र लिहावं!

गाडी ढकलत ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. हा मेकॅनिक एका बुटक्या स्टुलावर बसलेला असायचा आणि गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. गाडीलाच स्टुलाजवळ यावं लागायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माप कशावर घेतलं?"

"कांडीवर."

"ते नाही हो. गाडी कशावर उभी होती?"

"साइड स्टँडवर."

मेकॅनिकनं डोळे मिटले. "साहेब, गाडी डावीकडे कलली की आतलं तेल डावीकडे जाणार. कांडी आहे उजवीकडे. ती कोरडीच दिसणार. डबल स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, कांडी पुसायची, मग बुडवायची."

त्यानं खालचा बोल्ट काढला. तेल पडत राहिलं, पडत राहिलं. पाऊण लिटर जादा निघालं. जादा तेल उसळून एअर फिल्टरमध्ये गेलं होतं आणि तिथून जळून शिंपीणबाईंच्या कोटांवर. त्यानं फिल्टर बदलला, तेल मोजून भरलं. कांडीवर ते दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये आलं.

"आता लक्ष ठेवा," तो म्हणाला. "तेल कमी व्हायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. मग इंजिन उघडावं लागेल, आणि या वयाचं इंजिन उघडलं की आत काय काय निघेल ते मी सांगू शकत नाही."

अनुस्वारांनी लक्ष ठेवलं, म्हणजे काय ठेवलं! त्यांनी त्यासाठी वही केली. रोज संध्याकाळी साडेसहाला घरी आले की गाडी डबल स्टँडवर, घड्याळ लावून पाच मिनिटं, कांडी पुसून बुडवून बाहेर, आणि पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये नोंद. मग गाडी पुन्हा साइड स्टँडवर, कारण कायमची डबल स्टँडवर ठेवली तर सकाळी उतरवताना कंबर धरायची.

पहिल्या दिवशी तेल मध्यावर होतं. दुसऱ्या दिवशी मध्याच्या एक मिलिमीटर वर. तिसऱ्या दिवशी दोन. अनुस्वारांनी चष्मा पुसला. सहाव्या दिवशी तेल वरच्या खुणेला लागलं, आठव्या दिवशी खूण बुडाली, आणि धूर, नंबर सतरा, परत सुरू झाला.

"तेल वाढतंय," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

"कमी होतंय म्हणायचंय का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"नाही. वाढतंय. जगभरच्या गाड्या तेल खातात. आपली तेल करते."

सासऱ्यांनी ताटातून मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग लेकीकडे पाणी मागितलं.

मेकॅनिकला ही बातमी सांगितली तेव्हा तो चक्क स्टुलावरून उठला. "मग पेट्रोल उतरतंय आत. कार्बोरेटरमधून. वास घेऊन बघा."

त्या संध्याकाळी अंगणात वास घेण्याचा कार्यक्रम झाला. मॅनेजरसाहेबांनी वास घेतला आणि खात्रीनं सांगितलं की पेट्रोल आहे. बायकोनं वास घेतला आणि खात्रीनं सांगितलं की नाही. मग शिंपीणबाईंना बोलावलं. त्यांचं नाक इमारतीत मानलेलं होतं. चौथ्या मजल्यावर दूध उतू चाललं तर त्या तळमजल्यावरून हाक मारायच्या. त्यांनी कांडी नाकाशी धरली, दोनदा हुंगली आणि म्हणाल्या, "निव्वळ ऑइल. आणि नवं. काल-परवा घातलेलं."

"मी नाही घातलं," अनुस्वार म्हणाले.

"मग आपोआप आलं असेल," शिंपीणबाई म्हणाल्या आणि कोट खिडकीतून आत घ्यायला निघून गेल्या.

पंधरातले अकरा दिवस संपले होते. अनुस्वारांनी विचार केला, निदान कागदपत्रं तरी तयार ठेवावीत. रजा काढून ते वाहन कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं गाडीचं नोंदणी पुस्तक हातात घेतलं, बाहेर येऊन इंजिनवरचा मळ फडक्यानं पुसला, तिथला नंबर वाचला आणि परत खिडकीत जाऊन बसला.

"हे पुस्तक या गाडीचं नाही."

"म्हणजे?"

"इंजिनवर शेवटचा आकडा आठ आहे. पुस्तकात तीन आहे."

अनुस्वारांनी वाकून बघितलं. तीन होता. स्वच्छ, ठसठशीत तीन.

"किती वर्षं आहे गाडी तुमच्याकडे?"

"बावीस."

"बावीस वर्षांत लक्षात नाही आलं? काय करता आपण?"

आयुष्यात काही प्रश्नांची उत्तरं खोटी देण्याची मुभा असायला हवी. अनुस्वारांनी इकडे तिकडे बघितलं. मागे नऊ माणसं उभी होती.

"मुद्रितशोधक," ते हळूच म्हणाले.

"मोठ्यानं बोला."

"मुद्रितशोधक! चुका शोधतो!"

कारकुनानं पेन खाली ठेवलं. रांगेत कुणीतरी खोकलं. मग कारकुनानं समजावून सांगितलं की, नंबर दुरुस्त झाल्याशिवाय धूर तपासणी होत नाही, आणि नंबर दुरुस्तीच्या अर्जाला धूर तपासणीचा दाखला जोडावा लागतो. हे वाक्य अनुस्वारांनी मनातल्या मनात दोनदा वाचलं. व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती.

पण आता ते इरेला पेटले. त्यांनी कारकुनाला मूळ रजिस्टर काढायला लावलं. बावीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर धुळीसकट बाहेर आलं. अनुस्वारांनी खिशातलं भिंग काढलं आणि पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. "हे बघा. लिहिणारा इंग्रजी आठ काढताना डावीकडे हात हलका ठेवतो. हा आठ बघा, हा बघा, आणि हा. सगळ्यांची डावी बाजू पुसट आहे. आमच्या गाडीच्या आठाची तर पार उडालीय, म्हणून पुस्तकात त्याचा तीन झाला. पण कागदावर पेनचा चर तसाच आहे. बोट फिरवा."

कारकुनानं बोट फिरवलं. मग भिंगातून बघितलं. मग शेजारच्या कारकुनाला बोलावून त्याला बघायला लावलं. चूक कार्यालयाचीच निघाल्यामुळे दाखल्याशिवाय अर्ध्या तासात दुरुस्ती झाली, शिक्का बसला, आणि निघताना कारकुनानं नोटीसबोर्डाकडे बोट दाखवत हळूच विचारलं, "तेवढ्या त्या सूचना नजरेखालून घालता का?" अनुस्वारांनी घातल्या. एकोणीस चुका निघाल्या. त्यांचं मन बरंच हलकं झालं.

शेजारीच धूर तपासणीचं केंद्र होतं. तिथल्या माणसानं गाडी सुरू करायला लावली आणि लगेच बंद करायला लावली. "हा धूर मशीनला दाखवू नका," तो म्हणाला. "मशीन नवीन आहे."

त्या संध्याकाळी अनुस्वार वही पुढ्यात घेऊन बसले. आकड्यांचा जिना चढत गेला होता. बायकोनं लॅबमधून येऊन वही उचलली, पानं चाळली.

"माप नेहमी संध्याकाळीच घेता?"

"हो. रोज त्याच वेळेला. शिस्तीत."

"आमच्याकडे शुगर तपासताना उपाशीपोटी रक्त घेतात आणि जेवल्यावर परत घेतात. एकाच वेळचं बघून काय कळणार? गाडीनं मधल्या वेळात काही खाल्लं का ते बघा की."

अनुस्वार तिच्याकडे बघत राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. ही बाई रोज कामावर जाऊन इतका नीट विचार करते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते वही आणि पट्टी घेऊन जिना उतरले. गाडीजवळ कुणीतरी उकिडवं बसलं होतं. हातात लांब चोचीची तेलाची बुधली, खांद्यावर फडकं.

"बाबा?"

सासरे दचकले नाहीत. त्यांनी आधी चोच बाहेर काढली, झाकण फिरवून घट्ट केलं, बोटं फडक्याला पुसली आणि मग वर बघितलं.

"आज लवकर उठलात, जावईबापू."

"तुम्ही काय करताय?"

"काही नाही. दोन झाकणं तेल घातलं. रोज घालतो."

"रोज?"

"इथं आल्यापासून. फिरायला निघालो की बघतो. कांडी टोकाला जेमतेम ओली असते. तुम्हाला कामाच्या गडबडीत जमत नसेल असं वाटलं. आणि सांगायला गेलो तर तुम्हाला वाटायचं, म्हातारा चुका काढतोय. म्हणून आपलं गुपचूप." त्यांनी बुधली फडक्यात गुंडाळली. "तुमच्या घरी राहतो, जेवतो. तेवढंच आपलं काहीतरी."

अनुस्वारांच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. त्यात कोट होते, बस होती, नऊ माणसं होती. ते त्यांनी गिळलं आणि गाडी डबल स्टँडवर चढवली, कंबर धरून पाच मिनिटं थांबले, कांडी पुसली, बुडवली, आणि सासऱ्यांच्या हातात दिली.

सासऱ्यांनी कांडी उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. ते गाडीच्या चाकांकडे बघत राहिले, मग साइड स्टँडकडे, मग परत कांडीकडे. पंपांवर वय गेलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नव्हती.

"आमचे पंप कधी कलत नव्हते हो," ते शेवटी म्हणाले. "जमिनीत बोल्टनं आवळलेले. कलतं माप माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि कांडी परत देत, "म्हणजे तो धूर माझाच."

त्यांचा चेहरा बघून अनुस्वारांना ओळखीची जागा दिसली. वाहन कार्यालयाच्या खिडकीसमोर ते स्वतः कालच त्या जागी उभे होते.

"तुमच्याकडे पाना आहे का बाबा? खालचा बोल्ट काढावा लागेल."

पाना होता. सासऱ्यांच्या ट्रंकेत पान्यांचा अख्खा संच होता, तेल लावून कापडात बांधलेला. दोघं तेल डब्यात पडताना बघत बसले असतानाच मॅनेजरसाहेब दूध घेऊन आले.

"सापडलं का? काय निघालं?"

सासऱ्यांनी घसा साफ केला, पण त्यांच्या आधी अनुस्वार बोलले, "कलत्या गाडीवर माप घेतलं गेलं. आमच्याकडून."

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो!" मॅनेजरसाहेब म्हणाले. अनुस्वारांच्या हातातला पाना किंचित हलला, पण तेवढाच.

फिल्टर पुन्हा बदलला, आणि दोन दिवसांनी गाडी तपासणीला गेली. सासरे मागे बसले होते. केंद्रातल्या माणसानं गाडी सुरू केली, सायलेन्सरकडे बघितलं, वाकून परत बघितलं आणि मशीनची नळी आत सरकवली. दाखला छापून बाहेर आला. त्यात अनुस्वारांना एकही चूक सापडली नाही.

घरी यायला निघाले तेव्हा सासऱ्यांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा उजवीकडे घेता का?"

उजवीकडचा रस्ता पाणीपुरवठ्याच्या केंद्राकडे जात होता. तारेच्या कुंपणाआड एक लांबट इमारत होती, तिच्यातून संथ घरघर येत होती. सासरे गाडीवरून उतरले आणि कुंपणाला हात लावून उभे राहिले. अनुस्वारही शेजारी उभे राहिले.

"चार पंप," सासरे म्हणाले. "आता सगळं बटणावर चालतं म्हणे. माणूस नाही आत." मग त्यांनी एकदम मान तिरकी केली. "तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय."

"कशावरून?"

"ऐका."

अनुस्वारांनी ऐकलं. घरघर. सगळी सारखीच.

"सगळं एकदम ऐकू नका. पहिला सोडून द्या. त्याचा आवाज जाडा आहे, तो लगेच ओळखू येतो. तो गेला? आता दुसरा सोडा. तुम्ही ते छापायचं वाचता ना, तेव्हा काय करता?"

"एकेक अक्षर बघतो. अर्थ विसरून."

"मग तसंच."

अनुस्वारांनी डोळे मिटले. गेल्या चार महिन्यांत या माणसानं त्यांच्या कामाबद्दल आज पहिल्यांदा विचारलं होतं, आणि त्यांनीही त्याच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. जाडा आवाज त्यांनी बाजूला केला. मग दुसरा. आणि मग, अगदी खालून, एक बारीक, दुखरा सूर आला, थांबला, परत आला.

"आला!" ते ओरडले. "बाबा, आला!"

"बंद पडायच्या आत कुणीतरी बघायला हवा."

फाटकावर पहारेकरी होता. त्यानं ऐकून घेतलं आणि तोंडी तक्रार घेत नाही, अर्ज द्या, असं सांगितलं. त्यानं कागद दिला. सासरे कागदाकडे बघत राहिले. अनुस्वारांनी पेन काढलं, गाडीच्या सीटवर कागद ठेवला.

"सांगा, मी लिहितो."

सासऱ्यांनी हात मागे बांधले. "लिहा. पंप नंबर तीन कण्हतो आहे. त्याला बघायला लवकर माणूस पाठवा."

पेन थांबलं. सरकारी अर्जात यंत्र कण्हत नाही. 'सदर पंपातून असामान्य आवाज येत असल्याचे निदर्शनास आले आहे,' असं तयार वाक्य त्यांच्या हातात येऊन उभं राहिलं. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे इमारतीकडे बघत होते.

अनुस्वारांनी लिहिलं, 'पंप नंबर तीन कण्हतो आहे.'

पहारेकऱ्यानं अर्ज वाचला. "कण्हतो म्हणजे?"

"इकडे या," सासरे म्हणाले आणि त्याला दंडाला धरून कुंपणापाशी घेऊन गेले. "आधी जाडा आवाज सोडून द्या."

तिघं माना तिरक्या करून उभे राहिले. बऱ्याच वेळानं पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. तो आपल्या केबिनमध्ये गेला, आणि उघड्या खिडकीतून त्याचा आवाज बाहेर आला:

"हॅलो, साहेब? तीन नंबर कण्हतोय."